रोहूच्या मेंदूवरून राहिलेला वाद

प्रत्येक थोर कार्यामागे एक तेजस्वी मेंदू असतो.

उषाताई, हे वाक्य माझं नाही. परवा टोकरखाड्याच्या हॉलमध्ये तुमच्या शोकसभेत पहिल्या वक्त्यानं ते म्हटलं, आणि दुसऱ्यानं तेच थोडं लांबवून म्हटलं. मी मागच्या रांगेत बसून तुमच्या वतीनं दुरुस्ती करत होतो. थोर कार्य म्हणजे तुमचं किलवणीचं मत्स्यबीज केंद्र. चार मातीची तळी, एक गोल सिमेंटची टाकी आणि एक पंप, जो मी महिन्यातून एकदा तरी उघडायचो. त्यामागचा मेंदू रोहूचा. तो शेंगदाण्याएवढा असतो आणि तेजस्वी मुळीच नसतो. फिकट गुलाबी असतो आणि हात लावला तर लिबलिबीत लागतो. पहिल्यांदा दाखवलात तेव्हा मी विचारलं होतं, "एवढाच?" तुम्ही चिमटा न हलवता म्हणालात, "एवढा पुरतो, भाऊ. माणसाला जास्त दिलाय, त्याचं त्यानं काय केलं?"

हे त्या वक्त्यांना सांगायला हवं होतं. पण शोकसभेत मागच्या रांगेतून बोलायची पद्धत नाही, आणि अशा ठिकाणी गप्प राहण्याचा माझा जुना अनुभव आहे. त्या अनुभवाबद्दलच तुम्हाला सांगायचं आहे. पाच पावसाळे ते सांगायचं राहून गेलं आहे.

आधी थोडं बरं बोलतो, म्हणजे पुढचं सांगायला धीर येईल.

तुमचे यजमान आणि मी खडोलीच्या एकाच धाग्याच्या कारखान्यात होतो. ते डिस्पॅचला, मी मेंटेनन्सला. ते गेल्यावर कॉलनीतल्या सगळ्यांनी गृहीत धरलं की तुम्ही शिरपूरला माहेरी परत जाणार. एक-दोघांनी तुमचं कपाट विकत घेण्याबद्दल चौकशीही केली होती. तुम्ही मात्र प्राणिशास्त्राची जुनी पुस्तकं माळ्यावरून काढलीत, किलवणीला तळी भाड्यानं घेतलीत आणि एका सकाळी माझ्या दारात उभ्या राहिलात. "भाऊ, तुम्ही रिटायर झालात म्हणे. मला पंप येत नाही, तुम्हाला मासे येत नाहीत. चला." मी मासे खात नाही, त्यामुळे माशांबद्दल माझं काहीच मत नव्हतं. चहा अर्धा टाकून आलो, एवढं आठवतं.

मग तुम्ही माझ्या वीजबिलाच्या पाठीवर आकृती काढून समजावलंत. तळ्यातल्या रोहूच्या पोटात पावसाळ्याच्या तोंडाशी अंडी भरतात, पण मादी ती घालत नाही.

"का घालत नाही?"

"नदी नाही म्हणून. पूर नाही, वाहतं पाणी नाही. मग मेंदू खाली चिठ्ठी पाठवत नाही."

"कुणाला चिठ्ठी?"

मेंदूच्या तळाशी एक भाग, त्याचं नाव अधश्चेतक. त्यानं चिठ्ठी पाठवायची पियूष ग्रंथीला. ही ग्रंथी मोहरीएवढी, मेंदूखाली लोंबणारी. तिनं रक्तात संप्रेरक सोडायचं. ते अंडाशयापर्यंत पोचलं की अंडी पिकून सुटणार. आणि मध्ये बसलेलं डोपामाइन. ते पियूष ग्रंथीला धरून ठेवतं. चिठ्ठी आली तरी सही करू देत नाही.

"म्हणजे इंटरलॉक," मी म्हणालो. "दार उघडं असलं की मशीन चालू होत नाही, तसं."

तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि माझ्याकडे पाहिलंत. तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही मॅनेजरनं माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतं. "हेच मी कॉलेजात दोन तास घेऊन शिकवायचे," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून मी स्वतःला माशांच्या मेंदूतला जाणकार समजू लागलो. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिथं आहे.

आपला वाद तुम्हाला आठवत असेलच, पण इथं इतरही वाचणारे आहेत म्हणून सांगतो. हा इंटरलॉक चुकवायच्या दोन रीती. एक तुमची, जुनी: दुसऱ्या पिकलेल्या माशाची पियूष ग्रंथी काढायची, अल्कोहोलात जपायची, हंगामात पाण्यात वाटून तो अर्क टोचायचा. वरच्या ऑफिसला विचारायचंच नाही. दुसरी माझी, म्हणजे मी फक्त वकिली केलेली: तयार इंजेक्शन. त्यात मेंदूच्या चिठ्ठीची हुबेहूब नक्कल असते आणि डोपामाइनला बाजूला करणारं औषध असतं. मोजलेलं, सीलबंद, दर वेळी सारखं. कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला 'दर वेळी सारखं' या शब्दांपुढे काही सुचत नाही.

त्या औषधाचं नाव तुम्ही सांगितलंत तेव्हा मी खिशातून माझी पट्टी काढली. घाटात गाडी लागते म्हणून मी ठेवतो तीच गोळी.

"मग सापुताऱ्याला जाताना मी हे घेतो तेव्हा..."

"तुम्ही रोहू नाही, भाऊ," तुम्ही म्हणालात. "निश्चिंत जा."

तुमचं म्हणणं होतं की तयार इंजेक्शन हे वरून दिलेल्या हुकमावर चालतं, आणि हुकमावर तुमचा विश्वास नव्हता. "मेंदू हुकूम सोडतो, खरंय. पण अंडाशय खालून उत्तर देत असतं. मी तयार आहे, मी नाही. ते ऐकूनच वरचे कमीजास्त करतात. खालचं तयार नसेल तर वरचे कितीही हुकूम सोडोत." मी म्हणायचो, यंत्रणा ती यंत्रणा, बटण दाबलं की चालते. चिडलात की तुम्ही अहिराणीत शिरायचात. "तुमले काय समजस, भाऊ?" त्यानंतर पोह्यांची बशी पुढे यायची. वाद संपायचा नाही, पोहे संपायचे.

ग्रंथी गोळा करायला आपण रविवारी मासळीबाजारात जायचो. तुम्ही उकिडवं बसून माशाच्या कवटीच्या मागच्या भोकातून चिमटा घालायचात आणि मी छत्री धरायचो. ग्रंथीला गोळी म्हणणारी कोळीण दर वेळी तेच म्हणायची, "मॅडम, गोळी काढा, पण डोकं फोडू नका. गिऱ्हाईक मला विचारतं, बाई, आतलं कुणी खाल्लं?" एकदा तिनं माझ्याकडे मान करून तुम्हाला विचारलं, "हे साहेब काय करतात?" तुम्ही म्हणालात, "छत्री." माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन त्याआधी कुणी केलं नव्हतं, नंतरही नाही.

आता ते सांगतो.

त्या वर्षी प्रात्यक्षिक ठरलं होतं. किलवणीच्या बायकांच्या गटाला तळ्यांची मंजुरी हवी होती, आणि मत्स्य खात्याचे एक साहेब स्वतः येऊन जुन्या पद्धतीचं प्रजनन पाहणार होते. पसंत पडलं तर तिथल्या तिथं सही. त्याआधी तुम्ही आठ दिवस शिरपूरला भाच्याच्या लग्नाला गेलात. किल्ली माझ्याकडे होती. कुंड्यांना पाणी घालायचं आणि फ्रीज चालू आहे ना ते बघायचं, एवढंच काम.

मी फ्रीज उघडला. तपकिरी बाटलीत तुमचं वर्षभराचं रविवारचं काम होतं, आणि बाटलीचं झाकण ढिलं होतं. अल्कोहोल उडून निम्म्यावर आलेलं. वरच्या ग्रंथी उघड्या पडल्या होत्या.

ताई, मेंटेनन्सच्या माणसाला पातळी खाली गेलेली दिसली की तो विचार करत नाही. तो भरतो. गिअरबॉक्स असो, बॅटरी असो. वापीच्या दुकानात शुद्ध अल्कोहोल विचारलं तर म्हणाले, चार दिवसांनी. चार दिवस ग्रंथी उघड्या कशा ठेवायच्या? मी बाल्कनीत उभा राहून बाहेर पाहत होतो. आपल्या सिल्वासात अल्कोहोलची टंचाई आहे असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे रविवारी सुरतेपासूनच्या गाड्या इथं त्यासाठीच येतात.

किलवणी नाक्यावरच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा चढलो. बिनरंगाचं, बिनवासाचं द्या, म्हणालो.

"वोडका," दुकानदार म्हणाला. "ग्रीन ॲपल दूँ या सादा?"

"सादा. काम के लिए चाहिए."

"सबको काम के लिए ही चाहिए, साहब," तो म्हणाला आणि कागदात गुंडाळून दिली.

बाटली गळ्यापर्यंत भरली. झाकण घट्ट केलं. उरलेली व्होडका तुमच्या तुळशीपासून दूर, मोरीत ओतली. तुम्ही आल्यावर सांगणार होतो. पण तुम्ही लग्नाचे फोटो दाखवलेत, लाडू दिलेत, मग तळ्यावर धावपळ सुरू झाली. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही. अल्कोहोल ते अल्कोहोल.

प्रात्यक्षिकाच्या संध्याकाळी मांडव होता, सतरंजी होती, साहेबांसाठी गादीची खुर्ची होती. साहेबांनी नारळ फोडला. सिरिंजला कुणीतरी लाल रिबीन बांधली होती. तुम्ही ती काही न बोलता सोडलीत आणि स्वतःच्या वेणीला बांधलीत. गटाची प्रमुख जमनाबेन पुढच्या रांगेत होती. तिनं मोठ्यानं विचारलं, "माशाला पण सुई? सरकारला सगळ्यांनाच सुई टोचायची हाय का?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्हीही हसलात. मग तुम्ही बायकांना समजावून सांगू लागलात. अर्क वाटून तयार होता, सिरिंज भरलेली होती, आणि तुम्ही रिकामी बाटली वर धरून म्हणालात:

"एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ही गोळी शुद्ध अल्कोहोलातच ठेवायची. पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आतलं संप्रेरक पाण्यात विरघळतं. पाणी लागलं तर गोळी दिसायला तशीच दिसते, पण आत काही उरत नाही."

साध्या व्होडकात किती पाणी असतं हे मला त्या क्षणी माहीत नव्हतं. घरी येऊन वाचलं. निम्म्याहून जास्त. पण आपण काय करून बसलो ते मांडवातच कळलं होतं. मी उठून म्हणू शकत होतो, ताई, थांबा. चार पावलांवर तर होतात तुम्ही. पण साहेब बसले होते, हार झाला होता, फोटोवाला खुर्चीवर चढला होता. समारंभांची आयुष्यभर टिंगल केलेला माणूस एका नारळापुढे गप्प बसला. याला दुसरं काही नाव देता आलं तर बघतोय, पाच वर्षं झाली.

साहेबांच्या हातून पहिली सुई टोचली. टाळ्या झाल्या.

सकाळी टाकीत पाणी होतं, आणि रोहू होते. अंड्याचा पत्ता नव्हता. माद्या फुगलेल्या पोटानं तशाच गोल फिरत होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि भाषण करावं तसं म्हणाले, विज्ञानात अपयश हीच यशाची पहिली पायरी असते. मग चहा न घेता गेले. सही मात्र आदल्या संध्याकाळीच फोटोसाठी करून बसले होते, त्यामुळे मंजुरी वाचली. तुम्ही टाकीच्या काठावर बसून होतात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "भाऊ, तुम्ही बरोबर होतात. तयार इंजेक्शन आणू या."

मी म्हणालो, "हं."

आठवड्यानं तयार इंजेक्शन आलं. तेच मासे, तीच टाकी. टोचल्याच्या दुसऱ्या सकाळी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी अंडी पाण्यात गरगरत होती. त्यानंतर तुम्ही ग्रंथी कधी काढल्या नाहीत. आपले बाजारातले रविवार संपले. त्यानंतरही ती कोळीण भेटली की विचारायची, "छत्रीवाले साहेब, मॅडम कुठंय?" मागच्या रविवारी तिला सांगितलं. ती बराच वेळ बर्फ सारखा करत राहिली.

मी वाद जिंकलो होतो, ताई. माझ्या आयुष्यात जिंकलेला तो एकमेव मोठा वाद, आणि तो मी मोरीत ओतलेल्या बाटलीच्या जोरावर जिंकला. तुम्ही त्यानंतर बायकांना माझ्याच पद्धतीनं शिकवलंत. दर वर्षी अंड्यांतून जिऱ्याएवढी पहिली पिल्लं, म्हणजे मत्स्यजिरं, बाहेर आली की मला फोन करायचात, "तुमचं इंजेक्शन लागू पडलं, भाऊ." मी दर वर्षी ठरवायचो, या फोननंतर सांगायचं. मग म्हणायचो, पुढच्या. यंदाच्या मोसमाआधीच तुम्ही गेलात. फोन करणारं कुणी राहिलं नाही, आणि सांगायला मी मोकळा झालो. याहून भित्रं टाइमिंग मला साधता आलं नसतं.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी जमनाबेनचा फोन आला. "साहेब, मादी भरली हाय. दहावा-बारावा तुमी बघा. मासा थांबत नाय." मी पंपाची पेटी घेऊन किलवणीला गेलो. तिनं नर उचलला, पोटावर अंगठा हलका फिरवला, दुधासारखा थेंब आला. मादीचं पोट दाबून पाहिलं, मऊ. तुम्ही शिकवलेलं तसंच. सुया तिनंच टोचल्या. मग आम्ही बांधावर बसलो आणि माझ्या तोंडून सगळं निघालं. फ्रीज, नाका, ग्रीन ॲपल, नारळ, सगळं.

ती हसली नाही. आधी वाटलं रागावली. मग म्हणाली, "व्होडका?"

"हो."

"म्हंजी पाच वर्सं तुमी हे घेऊन फिरता?"

"हो."

"अवं साहेब, त्या दिशी नर कोरडा होता."

मला कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. त्या दुपारी, मांडव घालत असताना, तुम्ही दोघींनी मासे पाहिले होते. नराला दाबलं तर थेंब येत नव्हता. मादीचं पोट मोठं होतं पण कडक. तुम्ही तिला म्हणाला होतात, अजून आठ दिवस हवे होते. ती म्हणाली होती, मग साहेबाला सांगा ना, ताई. आणि तुम्ही म्हणालात, "तारीख त्यांनी दिलीय, सही त्यांचीच हवीय. तू गप्प राहा. मीही गप्प राहते."

उषाताई.

म्हणजे त्या मांडवात आपण दोघंही गप्प बसलो होतो. चार पावलांच्या अंतरावर, एकाच खुर्चीला घाबरून. तुमच्या माशांचं खालचं उत्तर 'नाही' असं होतं. त्यामुळे वरून तुमचा अर्क टोचा, माझं इंजेक्शन टोचा, नाहीतर सादी व्होडका टोचा, बहुधा काहीच झालं नसतं. आठ दिवसांनी जे लागू पडलं ते माझं इंजेक्शन की तुमचे आठ दिवस? मला सांगता येत नाही. तुम्ही 'बरोबर होतात' म्हणालात, तेही तुम्हाला सगळं माहीत असताना म्हणालात. कदाचित म्हणूनच म्हणालात. स्वतःचं गप्प बसणं लपवायला मला जिंकवून टाकलंत. ही युक्ती मला फार आवडली. मी पाच वर्षं जी चूक एकट्यानं जपून ठेवली, तिच्यात निम्मा वाटा तुमचा निघाला, आणि आपण दोघं त्यावर दर वर्षी एकमेकांना अभिनंदनाचे फोन करत होतो.

मी जमनाबेनला विचारलं, "ताईंना बाटलीचं कळलं असेल का?"

"त्या वास घ्यायच्या की समद्याचा," ती म्हणाली. "पण बोलल्या नाय."

बिनवासाचं मागून घेतलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. खरं कसं होतं ते आता कुणी सांगू शकत नाही, आणि मला त्याचा त्रास होत नाहीये. उलट गाडीवरून परत येताना मी चक्क गुणगुणत होतो. तुम्ही हरला नव्हतात, मी जिंकलो नव्हतो. वाद जिथं पोह्यांच्या बशीपाशी थांबायचा, तिथंच आहे. हुकूम वरून येतो की होकार खालून, हे आपण दोघांनी मिळूनही ठरवू शकलो नाही. एका चांगल्या माणसाशी असा अर्धवट राहिलेला वाद हातात उरावा, ही कमाई शोकसभेतल्या कुणाहीपेक्षा मोठी आहे. त्यांच्याकडे फक्त तुमचे गुण आहेत.

माफी मागायची मी तयारी केली होती. चांगली चार-पाच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक तर त्या वक्त्यांनाही आवडलं असतं. सकाळी लवकर किलवणीला पोचलो, टाकीच्या काठावर उभा राहिलो. पाण्यात अंडी फिरत होती, पारदर्शक, हजारोंनी. मी घसा साफ केला. तेवढ्यात जमनाबेन म्हणाली, "साहेब, नुसते हुबे काय राहता, पाइप धरा." मी पाइप धरला. तिनं अंडी घातलेली मादी जाळ्यात उचलली, लाल औषधाच्या पाण्यात बुडवून काढली आणि मोठ्या तळ्यात सोडली.

रोहूची मादी अंडी घातल्यावर त्यांच्याकडे वळून पाहत नाही. दुपारी ती शेंगदाण्याची पेंड खात होती.